डिडी काँग रेसिंग: दोघांनी मिळून विमानं उडवायची तर

लहान मुलांसोबत रेसिंग गेम खेळायला बसलं की मोठा जिंकतो आणि छोटा रुसतो. रेअर कंपनीनं १९९७ साली निन्टेन्डो ६४ या गेम कन्सोलसाठी काढलेल्या डिडी काँग रेसिंगमध्ये यावर फार सुंदर तोडगा आहे, पण तो मेनूत समोर दिसत नाही. ॲडव्हेंचर हा एरवी एकट्यानं खेळायचा भाग. एक कोड घातला की तोच भाग दोघांना एका बाजूनं खेळता येतो.

ऑप्शन्समध्ये मॅजिक कोड्स उघडा आणि जॉइंट व व्हेंचर हे दोन इंग्रजी शब्द मध्ये जागा न सोडता टाका. यादीत कोड ‘ऑन’ आहे ना, ते बघा. मग पात्रं निवडताना दोन्ही कंट्रोलरवरून निवड करायची आणि त्यानंतर ॲडव्हेंचरमध्ये शिरायचं. एकानंच पात्र निवडलं तर नेहमीचा एकट्याचा खेळ सुरू होतो. कन्सोल बंद केलं की कोड जातो. खेळ सेव्ह झालेला असतो, कोड तेवढा पुन्हा घालायचा.

शर्यतीत पहिला नंबर आला की सोनेरी फुगा मिळतो आणि फुग्यांच्या संख्येवर पुढची दारं उघडतात. दोघांपैकी कुणीही पहिलं आलं तरी चालतं, सगळी गंमत इथेच आहे. नवख्याला पिप्सी किंवा टिपटप द्या. ही हलकी पात्रं पटकन वेग घेतात आणि सहज वळतात. क्रंचचा कमाल वेग जास्त, पण एकदा धडकला की पुन्हा वेग धरायला वेळ खातो.

गाडी आणि होवरक्राफ्टही आहेत, पण मुलांचा जीव विमानात. डायनो डोमेन या खेळातल्या एका जगामधला हॉट टॉप व्होल्केनो हा विमानाचा पहिला ट्रॅक. स्टिक मागे ओढली की नाक वर जातं. मुलं नेमकी उलट ढकलतात, विमान खाली जायला लागलं की घाबरून आणखी ढकलतात. त्यामुळे आधी शर्यतींच्या मधे मोकळं फिरायचं जे बेट आहे, तिथे ताजकडून विमान घेऊन नुसतं फिरू द्या. ताज म्हणजे फेटा बांधलेला, भारतीय ढंगात इंग्रजी बोलणारा हत्ती. घरच्या मंडळींना तो लगेच आवडतो. वळण अंगावर आलं की कंट्रोलरचं आर बटण दाबून धरायचं, विमान कलंडून झटकन वळतं. अगदीच अरुंद जागा असेल तर सोबत बी बटणाचा ब्रेक. जुन्या कंट्रोलरची स्टिक सैल झाली असेल तर पूर्ण वळण मिळत नाही. तिथे आरवरच भर द्यावा.

वेग वाढवणाऱ्या पट्ट्या आणि हवेतल्या कड्या इथे सगळे चुकतात. वेग देणारं ए बटण दाबून ठेवूनच त्यातून जातात. कडीत शिरण्याच्या क्षणी ए सोडायचा आणि जोर ओसरेपर्यंत सोडूनच ठेवायचा, म्हणजे धक्का जास्त जोरात आणि जास्त वेळ मिळतो. केळी वेचल्यानं कमाल वेग वाढतो, पण फक्त दहापर्यंत. अकराव्यासाठी वाट सोडू नये. मार बसला की केळी गळतात.

शस्त्रांच्या फुग्यांत एकच रंग लागोपाठ घेतला तर तीन पायऱ्यांपर्यंत ताकद चढते. मध्येच दुसरा रंग लागला की आधीचं गेलं. म्हणून रंग वाटून घ्या: पुढे पळणाऱ्यानं निळे घ्यावेत, ते वेगाचे. मागच्यानं लाल घ्यावेत आणि इतर स्पर्धकांना क्षेपणास्त्रांनी अडवावं. लाल पहिल्या पायरीवर सरळ जातो, दुसऱ्यावर लक्ष्याचा पाठलाग करतो, तिसऱ्यावर दहा मिळतात. नेम नीट न लागणाऱ्या मुलासाठी दुसरी पायरी सर्वांत कामाची.

चांदीच्या नाण्यांच्या शर्यतीत आठ नाणी वेचून वर पहिला नंबरही आणावा लागतो. आडवळणाची नाणी पहिल्या दोन फेऱ्यांत उरका. शेवटच्या फेरीत वाटेवरचीच उरू द्या.

बॉसशी, म्हणजे त्या त्या जगातल्या मोठ्या प्रतिस्पर्ध्याशी, शर्यत मात्र एकट्यानंच लावायची असते. बेटावर फिरवण्याचा ताबाही एकाच्याच हाती असतो आणि आधीच्या शर्यतीत दोघांपैकी जो पुढे येतो त्याच्याकडे तो जातो. ड्रॅगन फॉरेस्ट या जगाचा बॉस स्मोकी विमानातच गाठावा लागतो. तेव्हा त्याच्या दारात जाण्याआधीची शर्यत चांगलं विमान चालवणाऱ्यालाच पुढे राहून संपवू द्या.