दुधाच्या ग्लासातला दात

लहान मूल तोंडावर आपटलं की सगळे आधी रक्त थांबवायला धावतात. तो पडलेला दात मातीतच राहून जातो. माझ्या आठ वर्षांच्या लेकीचा पक्का दात वाचला, कारण तिच्या खो-खोच्या सरांनी दात लगेच शोधला.

सांगलीत सरावाच्या वेळी खांबाकडे सूर मारताना तिचं तोंड थेट लाकडावर आदळलं आणि वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला. सरांनी दाताचा पांढरा भाग चिमटीत धरून तो उचलला, मुळाला कुणाला हात लावू दिला नाही. असा दात जागच्या जागी परत बसवता आला तर उत्तमच, पण ती इतकी हमसून रडत होती की तोंडच उघडेना. मग शेजारच्या चहाच्या टपरीवरून पिशवीतलं न तापवलेलं गार दूध आणलं. त्यातच दाताची माती विसळली आणि दुसरं स्वच्छ दूध ग्लासात ओतून त्यात दात बुडवला. मी पोहोचले तेव्हा तो ग्लास त्यांनी माझ्या हातात दिला. "ताई, सांडू देऊ नका. घासू नका, पाण्यात तर अजिबात टाकू नका."

वाटेतून एका दवाखान्यात फोन लावला. "पडलाच आहे ना दात, उद्या आणा," असं उत्तर मिळालं. त्या उत्तराचा राग मला अजून येतो. कारण मुळाला चिकटलेल्या तंतूंमधल्या पेशी जिवंत असतील तरच दात हाडाशी नीट जुळतो. दात कोरडा पडला तर तासाभरात त्या पेशी जगण्याची आशा जवळपास संपते. साध्या पाण्यातही त्या फुगून फुटतात, दुधात मात्र काही तास तग धरतात.

लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरांकडे पोहोचलो, तर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, ती बेशुद्ध झाली होती का, उलटी झाली का. मग दात किती वाजता पडला, किती वेळ कोरडा होता, लसीकरणाचं कार्ड कुठे आहे. जखमेत माती गेली होती, म्हणून धनुर्वाताचा डोस तपासायचा होता. हिरडी बधिर करून खाचेतली रक्ताची गुठळी सलाइनने धुतली आणि दात बोटाने हलकेच आत सरकवला. एक्स-रे काढून तो जागेवर बसल्याची खात्री केली आणि शेजारच्या दातांना बारीक लवचीक तार चिकटवून दिली. तार दोन आठवडेच ठेवायची, आणि तीही लवचीक, कारण दात फार घट्ट जखडला तर तो मधल्या तंतूंशिवाय थेट हाडालाच चिकटून बसायचा धोका वाढतो.

ते दोन आठवडे मऊ भात, मुगाची खिचडी आणि दुधात कुस्करलेली भाकरी. अगदी मऊ ब्रश, औषधी चूळ, अँटिबायोटिकचं सिरप. हे सगळं पार पडलं. अवघड होतं ते पुढचं थांबणं. या वयात मुळाचं टोक अजून उघडं असतं, त्यामुळे आतला रक्तपुरवठा परत सुरू होण्याची शक्यता असते. म्हणून डॉक्टरांनी लगेच रूट कॅनल केलं नाही. दर भेटीत डॉक्टर छोट्या आरशाच्या दांड्याने दातावर टकटक करून कान देतात. हाडाला चिकटलेल्या दाताचा आवाज शेजारच्या दातांपेक्षा टणक, धातूसारखा येतो. तेवढा वेळ माझा श्वास अडकलेला असतो.

काही आठवड्यांनी एक्स-रेमध्ये मूळ झिजायला लागल्याचं दिसलं आणि आतले उपचार सुरू करावे लागले. आता झीज थांबलेली दिसते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, दात जन्मभर टिकेल असं नाही. पण जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवता येत नाही, आणि तोवर स्वतःचा दात हाड आणि जागा दोन्ही राखतो. निदान पाच वर्षं दरवर्षी एक्स-रे काढायचा आहे.

लेक परत खेळते, माउथगार्ड घालून. सरांनी आता मैदानावरच्या पालकांना सगळं समजावून सांगितलंय. हेही सांगितलंय की दुधाचा दात पडला तर तो परत बसवायचा नाही, खाली वाढणाऱ्या पक्क्या दाताला त्याने इजा होऊ शकते. कोणता दात आहे ते कळेना, तर दात दुधात टाकून थेट डॉक्टरांकडे न्यायचा.