पडला म्हणजे स्वस्त झाला का?

निकाल बाजार बंद झाल्यावर आले आणि दुसऱ्या दिवशी शेअर उघडला तोच एक तृतीयांश खाली. वर्गणीवर चालणारी सॉफ्टवेअर कंपनी, आमच्या फंडात थोडी होतीच. विक्री वाढलेली, नफाही अंदाजापेक्षा बरा. फक्त पुढच्या वर्षीच्या वाढीचा अंदाज व्यवस्थापनाने खाली आणला होता. सरांचा एका ओळीचा निरोप आला: ‘दुपारपर्यंत सांग, वाढवायचा की काढायचा.’

आमच्या ज्युनिअरने तोवर पी/ई, म्हणजे भाव दर शेअरमागच्या नफ्याच्या किती पट आहे ते, काढला होता. पाच वर्षांतला सगळ्यात कमी! त्याच्या लेखी विषय संपला. या ‘पाच वर्षांच्या तुलने’वर माझा जुना राग आहे. त्या पाच वर्षांत व्याजदर तळाला असतानाची वर्षंही येतात, आणि तेव्हा लोकांनी कुठल्याही वाढीला वाटेल तो भाव दिला होता.

मी गणित उलटं मांडलं. भाव बरोबर आहे असं धरायचं आणि तो टिकायला विक्री किती वाढावी लागेल ते शोधायचं. कालच्या भावाला दहा वर्षं दरसाल 20 टक्के वाढ लागत होती, आजच्याला 15. फरक ऐकायला किरकोळ, पण 20 टक्क्यांनी दहा वर्षांत विक्री सहापट होते, 15 टक्क्यांनी चौपट. गेलेला एक तृतीयांश इथेच सापडला. बाजार घाबरला वगैरे काही नव्हतं, त्याने नवा अंदाज भावात बसवला होता, इतकंच.

मग 15 टक्के तरी जमतील का? जुने ग्राहक सोडून जात नव्हते, पण नूतनीकरणाला आले की लायसन्स कमी करून घेत होते. हे एका तिमाहीत सुधारत नाही.

खरी गंमत रोख प्रवाहाच्या पत्रकात होती. कर्मचाऱ्यांना पगाराचा भाग म्हणून दिलेले शेअर खर्चात धरतात, पण रोख गेली नाही म्हणून तिथे ती रक्कम पुन्हा जोडतात. कंपनी ज्या ‘मोकळ्या रोखी’चा, म्हणजे सगळे खर्च भागून उरणाऱ्या रोखीचा, डंका पिटत होती, तिच्यातली निम्म्याहून जास्त या एका ओळीतून आली होती. वर बायबॅकवर, म्हणजे स्वतःचेच शेअर बाजारातून परत विकत घेण्यावर, पैसा ओतूनही एकूण शेअरची संख्या वाढलेलीच. पगार तो पगारच. तो वजा केला तर 15 टक्केही पुरेनात, 18 च्या आसपास लागत होते.

‘पण कंपनी चांगली आहे ना?’ ज्युनिअर म्हणाला. नेटवर्किंगची उपकरणं बनवणारी सिस्कोही चांगलीच होती. मार्च 2000 मध्ये 80 डॉलरचा भाव होता, कंपनी पुढेही कमावत राहिली, पण तो उच्चांक ओलांडायला डिसेंबर 2025 उजाडला. उलट 2022 मध्ये मेटा शंभर डॉलरच्या खाली गेला, तेव्हा त्या भावाला वाढीची फारशी गरजच नव्हती. पुढच्या एका वर्षात तो तिपटीहून जास्त झाला. आमच्या कंपनीचा भाव अजून बरंच काही मागत होता.

टिपणात लिहिलं: भाव रास्त, किंबहुना किंचित चढा. नवे पैसे नकोत.

सरांनी वाचलं. ‘मग घेशील कितीला?’

‘दहा टक्के वाढीत भागेल तिथे. म्हणजे पगार वजा करून, इथून जवळपास निम्म्यावर.’

‘तिथे अलर्ट लावून ठेव. आहेत ते राहू देत.’ आणि ते पुढच्या कंपनीच्या निकालाकडे वळले.