एक गाडी, पाच दुकानं: डिलिव्हरीचे कागद कसे लावायचे

एका गाडीत एकाच ठिकाणचा माल असेल तर कागदांचं काम सोपं असतं. एक बिल्टी (वाहतुकीची पावती), एक चलन (मालासोबत जाणारा कागद), एक पॅकिंग लिस्ट, पोचेवर, म्हणजे माल मिळाल्याच्या प्रतीवर, सही-शिक्का, झालं. त्याच गाडीत पाच दुकानांचा माल भरला की पहिल्या दुकानातली चूक पुढच्या चारही दुकानांच्या हिशेबात शिरते आणि संध्याकाळी ती कुठून सुरू झाली हे शोधता येत नाही. म्हणून डिस्पॅचच्या टेबलावरून अशी गाडी सोडताना मी दोन गोष्टी धरून ठेवतो. प्रत्येक दुकानाचा कागदांचा संच स्वतःपुरता पुरा असला पाहिजे. आणि प्रत्येक थांब्यावर, दार बंद करण्याआधी, गाडीत किती नग उरले तो आकडा कागदावर पडलाच पाहिजे.

समजायला एक गाडी धरू. 5 दुकानं, 18 पॅलेट, 742 नग; पॅलेट म्हणजे माल रचायची लाकडी फळी, नग म्हणजे इथे खोके. पहिल्या थांब्याला 4 पॅलेटवर 168, दुसऱ्याला 3 वर 121, तिसऱ्याला 5 वर 204, चौथ्याला 2 वर 85, पाचव्याला 4 वर 164. म्हणजे पहिल्या दुकानातून निघताना गाडीत 574 हवेत, दुसऱ्यातून 453, तिसऱ्यातून 249, चौथ्यातून 164. हे शिल्लक आकडे ट्रिप शीटवर आधीच छापून द्यायचे. ड्रायव्हरला वजाबाकी करायला लावायची नाही, फक्त खरा आकडा छापील आकड्याशेजारी लिहायला सांगायचं.

ट्रिप शीट किंवा मास्टर बिल्टी हा सगळ्या गाडीचा कागद. त्यावर पाचही दुकानांचे बिल्टी क्रमांक, प्रत्येकाचे पॅलेट, नग, वजन, आणि खाली बेरीज. ही बेरीज हातानं लिहायची नाही; पाच बिल्ट्यांवरूनच ती निघाली पाहिजे. शेवटच्या अर्ध्या तासात एखादी ऑर्डर कमी-जास्त होते, दुकानाची बिल्टी नवीन छापली जाते आणि मास्टर जुनीच राहते, हे मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेलं आहे. एक बिल्टी बदलली की मास्टरही पुन्हा छापायची आणि जुनी त्याच क्षणी फाडायची. दोन्ही प्रती गाडीत गेल्या तर ड्रायव्हर कुठली दाखवेल सांगता येत नाही.

दुकानाचा कोड नावापेक्षा महत्त्वाचा. साखळी दुकानांची नावं एकसारखी असतात, बिल एका पत्त्यावर जातं आणि माल दुसऱ्या. दोन्ही पत्ते कागदावर हवेत, पण मोठ्या अक्षरात माल उतरवायचा पत्ता. कोड स्प्रेडशीटमध्ये टाकताना पुढचा शून्य उडतो: 0417 चं 417 होतं आणि समोरच्याच्या सिस्टीमला ते दुकान सापडत नाही. एसएससीसी, म्हणजे प्रत्येक पॅलेटच्या लेबलावरचा त्याचा स्वतःचा 18 अंकी क्रमांक, त्याचं याहून वाईट होतं. एक्सेल आकड्याचे 15 अंकच नीट धरतं, त्यामुळे शेवटचे तीन अंक शून्य होऊन बसतात. पॅलेटचा वेगळेपणा नेमका त्या शेवटच्या अंकांत असतो, म्हणजे पाच दुकानांची सगळी पॅलेटं यादीत एकच क्रमांक घेऊन येतात. हे दोन्ही स्तंभ आकडे भरण्याआधी टेक्स्ट म्हणून ठेवायचे. नंतर टेक्स्ट केलं तरी गेलेले अंक परत येत नाहीत.

आता भरण्याचा क्रम. जे दुकान शेवटी, त्याचा माल आत, अगदी पुढच्या भिंतीला. पहिल्या दुकानाचा माल दाराशी. म्हणजे पहिल्या दुकानाचा माल सगळ्यात शेवटी भरला जातो आणि त्याचे आकडे सगळ्यात उशिरा पक्के होतात. पण त्याच दुकानाला एएसएन, म्हणजे माल निघाल्याची आगाऊ सूचना, सगळ्यात आधी हवी असते. पहिलं दुकान पाऊण तासावर असेल आणि एएसएन गाडी सुटताना गेली, तर गाडी दारात आणि सूचना अजून त्यांच्या सिस्टीममध्ये उतरायची आहे, अशी वेळ येते. मग ते लोक माल हातानं नोंदवतात आणि पुढे बिल अडकतं. योजनेवरून आधीच एएसएन पाठवून देणं हा यावरचा उपाय नाही. योजनेत 168 आणि गाडीत 166 असं झालं की दुकानाच्या नोंदीत ती सरळ तूट दिसते.

आम्ही यावर असं करतो: पहिल्या दोन थांब्यांची पॅलेटं भरण्याच्या कितीतरी आधी डॉकसमोर (गाडी लागते त्या धक्क्यासमोर) लावून, गुंडाळून, स्कॅन करून ठेवायची. एकदा स्कॅन झालं की त्या पॅलेटला कुणी हात लावायचा नाही, एक खोका वर ठेवायलाही नाही. मग त्यांचे आकडे भरण्याआधीच पक्के असतात. पाचव्या दुकानाचं उलट. त्याला वेळ भरपूर असतो, त्याचं स्कॅनिंग गाडीच्या दारात झालं तरी चालतं.

नुसती संख्या जुळणं पुरेसं नाही. आपल्या गाडीत दुसऱ्या दुकानाची पॅलेटं 41, 40, 40 अशी आहेत आणि तिसऱ्याची 41, 41, 41, 41, 40. उतरवताना दुसऱ्या दुकानानं आपलं 41 चं पॅलेट सोडून तिसऱ्याचं 41 चं घेतलं, तर तिथे 121 बरोबर, शिल्लक 453 बरोबर, पुढे तिसऱ्या दुकानात 204 ही बरोबर. दोन्ही पोचांवर स्वच्छ सह्या. चूक कळते ती खोके फोडल्यावर, आणि तेव्हा आपल्याकडचा प्रत्येक कागद सांगत असतो की सगळं ठीक झालं. म्हणून चलनावर नगांच्या संख्येसोबत प्रत्येक पॅलेटच्या एसएससीसीचे शेवटचे पाच अंक छापायचे आणि शेजारी खुणेसाठी चौकट ठेवायची. स्कॅनर असो वा नसो, उतरवणारा माणूस पाच अंक वाचून खूण करू शकतो. 18 अंक वाचत नाही. पॅलेटच्या दोन बाजूंना लेबल आणि त्यावर थांब्याचा मोठा आकडा असेल तर अंधाऱ्या गाडीतही गोंधळ कमी होतो.

एसएससीसी हातानं टाइप करायची वेळ आली तर शेवटचा अंक मदतीला असतो. तो तपासणीचा अंक आहे: आधीच्या 17 अंकांना डावीकडून आळीपाळीनं 3 आणि 1 नं गुणून बेरीज करायची आणि ती पुढच्या दहाच्या पटीला न्यायला जितके लागतात तो अंक. एखादा अंक चुकला तर सिस्टीम ओरडतेच. शेजारचे दोन अंक उलटे पडले तरी बहुतेक वेळा पकडलं जातं, मात्र त्यांच्यात 5 चा फरक असेल तर नाही. 27 च्या जागी 72 गेलं तर ते निसटतं. आणि वापरलेला क्रमांक माल निघाल्यापासून निदान एक वर्ष पुन्हा वापरायचा नाही, हा जीएस१ चा, म्हणजे या क्रमांकांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा, नियम आहे. लेबल छापणारं सॉफ्टवेअर नव्यानं बसवलं की मोजणी पहिल्यापासून सुरू होते आणि जुने क्रमांक परत बाहेर पडतात, तिकडे लक्ष ठेवावं लागतं.

फोल्डर लावणं क्षुल्लक वाटतं, पण मधल्या वाटेवरचे बरेच घोळ इथेच होतात. प्रत्येक दुकानाचं वेगळं पारदर्शक फोल्डर, आत बिल्टी आणि चलन तीन-तीन प्रतींत (एक दुकानाला, एक वाहतूकदाराला, एक सही होऊन आपल्याकडे), एक पॅकिंग लिस्ट, आणि अपॉइंटमेंटचा, म्हणजे दुकानानं माल उतरवायला दिलेल्या वेळेचा, क्रमांक व वेळ. सगळी चळत ड्रायव्हरच्या हातात सुटी दिली तर पहिल्या दुकानातला कारकून ती तशीच आत नेतो, वर दिसेल त्या बिल्टीवर शिक्का मारतो, कधी दुसऱ्या दुकानाची प्रतच ठेवून घेतो. शिवाय एका गिऱ्हाईकाचे दर दुसऱ्याला दिसू नयेत. ट्रिप शीट वेगळ्या पाकिटात, ती ड्रायव्हरकडेच राहते. दुकानानं त्यावर सील क्रमांक आणि शिल्लक आकड्यापुढे सही करायची, कागद ठेवून घ्यायचा नाही.

फोल्डरवर दुकानाचा कोड छापलेला आणि थांब्याचा आकडा चिकटपट्टीवर लिहिलेला. कारण क्रम बदलतो. रस्ता बंद, डॉक रिकामा नाही, तिसऱ्याची वेळ आधी मिळाली. अशा वेळी पट्टी बदलायची, बिल्टीला हात लावायचा नाही. छापील शिल्लक आकडे मात्र अशा वेळी निकामी होतात. ते एका रेघेनं खोडून नवे लिहायचे आणि शेजारी वेळ टाकायची. क्रम बदलताना आतला माल बाहेर काढून पुन्हा भरावा लागणार असेल तर तेही शीटवर लिहायचं, कारण पॅलेटची अदलाबदल बहुतेक अशाच वेळी होते.

सीलचं गणित सोपं आहे. निघताना दारावर एक. मग पहिल्या चार दुकानांनंतर प्रत्येकी एक नवं. पाचव्यानंतर गाडी रिकामी, सील नको. म्हणजे ड्रायव्हरच्या हातात 4 आणि तुटलं तर म्हणून 2 जादा, एकूण 6, सगळ्यांचे क्रमांक ट्रिप शीटवर लिहिलेले. दुकानात पोचल्यावर सील तोडण्याआधी तिथल्या माणसानं क्रमांक वाचून स्वतःच्या हातानं पोचेवर लिहायचा. उतरवून झाल्यावर नवं सील लागलं की त्याचाही क्रमांक त्याच पोचेवर आणि ट्रिप शीटवर. त्यामुळे दोन दुकानांच्या मध्ये गाडी उघडली गेली की नाही, याचं उत्तर कागदावरच मिळतं. एखाद्या ठिकाणी नवं सील लावायचं राहिलं तर त्यापुढच्या सगळ्या तुटीचा वाद आपल्या अंगावर येतो.

सील कुठलं लावायचं हेही पाहावं. आयएसओ 17712 या सीलच्या मानकात मजबुतीनुसार तीन वर्ग आहेत: आय (सगळ्यात साधं), एस आणि एच (सगळ्यात मजबूत). एच वर्गाच्या बोल्ट सीलला मोठा कटर लागतो आणि लहान दुकानात तो नसतो. मग कुणीतरी पहारीनं दाराची कडी वाकवतो. गिऱ्हाईकाची अट असेल तर एच लावावंच लागतं, तेव्हा गाडीत कटर ठेवायचा. अट नसेल तर मधल्या थांब्यांना साधं क्रमांकाचं सील आणि कुलूप बरं पडतं.

पोचेवर सहीपेक्षा शेरा जास्त महत्त्वाचा. “तपासणी बाकी” किंवा “मोजून घेतलं नाही” असा मोघम शिक्का मारून दुकान मोकळं होतं, पण त्यावरून पुढे काहीच सिद्ध करता येत नाही. शेरा असा हवा: “204 पैकी 202 मिळाले. 2 कमी, पॅलेट 30418 वर. 1 खोका खालून ओला, घेतला.” किती, कुठल्या पॅलेटवर, काय झालं, घेतलं की परत केलं. ड्रायव्हरनं त्याच वेळी फोटो काढायचा, खोक्याचा आणि त्याच पॅलेटच्या लेबलाचा. देशोदेशींच्या रस्ता वाहतुकीला लागू होणाऱ्या 1956 च्या सीएमआर करारातही हेच तत्त्व आहे: उघड दिसणारं नुकसान किंवा तूट घेतानाच नोंदवायची, आतून निघालेलं असेल तर रविवार आणि सुट्ट्या सोडून 7 दिवसांत लेखी कळवायचं. दुसरीकडे मुदत वेगळी असू शकते, म्हणून आपल्या वाहतुकीच्या करारातली मुदत फोल्डरवरच लिहून ठेवतो.

चार वेळा टिपायच्या: गेटवर पोचलो, डॉकला लागलो, उतरवणं संपलं, कागद हातात आले. बहुतेक पोचांवर दोनच रकाने असतात, आत आणि बाहेर. त्यात उतरवायला दोन तास लागले की डॉक मिळायलाच दोन तास गेले, हे कळत नाही, आणि खोळंब्याचे पैसे मागताना नेमका हाच प्रश्न येतो. पहिल्या दुकानात तास गेला तर पुढच्या चौघांच्या वेळा तिथूनच फोन करून बदलून घ्यायच्या आणि नवा अपॉइंटमेंट क्रमांक फोल्डरवर लिहायचा. जुन्या क्रमांकावर गेट उघडत नाही.

दुकानानं काही माल नाकारला तर चलनावरचा आकडा खोडून कमी करायचा नाही. चलनावर पाठवलेला आकडा तसाच, शेजारी घेतलेला, आणि नाकारलेल्या मालाची वेगळी परत चिठ्ठी, तिला स्वतःचा क्रमांक. तो माल गाडीतच असतो, म्हणून ट्रिप शीटवर “परत” हा वेगळा रकाना लागतो. तो नसेल तर दुसऱ्या दुकानातून निघताना गाडीत 453 ऐवजी 459 दिसतात आणि तिसरं दुकान ते 6 जादा नग आपले समजून उतरवून घेतं. परत मालाला लगेच ठळक लेबल लावून बाजूच्या भिंतीला लावायचा, दारात नाही. रिकाम्या पॅलेटचा हिशेब याहून वेगळा ठेवायचा: किती दिली, किती परत आली. तो मालाच्या रकान्यात मिसळला की दोन्ही बिघडतात.

वजन थांब्यागणिक लिहायचं, पॅलेटसकट. 1200 बाय 800 मिलिमीटरचं लाकडी युरो पॅलेट साधारण 25 किलोचं असतं. 18 पॅलेट म्हणजे 450 किलो, आणि बिल्टीवर नुसतं मालाचं वजन असेल तर काट्यावर तेवढा फरक दिसतो. शिवाय मागचा माल उतरत गेला की उरलेला सगळा भार पुढच्या बाजूला राहतो. एकूण वजन घटलं तरी पुढच्या अ‍ॅक्सलवरचा भार मर्यादेबाहेर जाऊ शकतो. तिसऱ्या थांब्यानंतर गाडीत किती आणि कुठे उरतं, हे शीटवर असेल तर भरतानाच ते लक्षात येतं.

प्रत्येक पोचेचा फोटो त्याच दुकानातून निघायच्या आधी यायला हवा, कागदाचे चारही कोपरे दिसतील असा, मागे शेरा असेल तर मागची बाजूही. फाइलचं नाव तारीख, ट्रिप क्रमांक, दुकानाचा कोड. बिलं दुकानागणिक वेगळी काढतो, म्हणजे तिसऱ्या दुकानाच्या 2 नगांचा वाद चालू असला तरी बाकी चौघांचे पैसे अडकत नाहीत. मूळ कागद आले की आधी शेरे असलेल्या पोचा बाजूला काढायच्या, त्यांचे दावे त्याच दिवशी नोंदवायचे, मग बाकीच्या लावायच्या. भरलेले 742, दिलेले, परत आलेले आणि कमी पडलेले यांचा ताळा लागला, न वापरलेली 2 सीलं क्रमांकासकट टेबलावर आली, की ट्रिप बंद.