एन३ नंतरचं जपानी: व्याकरणाला मराठी, कानाला मेहनत

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतली एन३ पातळी पदरात पडली, आता डिसेंबरची एन२, म्हणजे त्याच्या वरची पायरी. पुण्यातच केंद्र असल्यामुळे प्रवासाची दगदग नाही, एवढी एकच गोष्ट सोपी. बाकी काय जमतंय आणि कुठे घोडं अडलंय, ते याच वाटेवरच्या मंडळींसाठी टिपून ठेवते.

सगळ्यात मोठा बदल म्हणजे व्याकरणाची इंग्रजी स्पष्टीकरणं वाचणं बंद केलं. ‘ताबेते मिरु’वर तिथे अर्धं पान खर्ची पडतं. आपल्याकडे ते सरळ ‘खाऊन बघणे’. मिरु म्हणजे बघणंच! ‘कात्ते ओकु’ म्हणजे ‘घेऊन ठेवणे’, आणि ओकु म्हणजे ठेवणं. ‘वासुरेते शिमाउ’ला ‘विसरून बसणे’ चपखल बसतं, त्यातल्या चुटपुटीसकट. तीच गत क्रियापदांच्या जोड्यांची. ओचिरु-ओतोसु, किरेरु-किरु, वारेरु-वारु या जोड्या इंग्रजीतून शिकणारे घोकत बसतात. पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे असं म्हणत वाढलेल्याला त्यात नवल ते काय?

एन३ला हमखास गोंधळ घालणारं ‘सोउ’ही असंच सुटलं. ‘फुरिसोउ दा’ म्हणजे आभाळ बघून ‘पाऊस येईलसं दिसतंय’ आणि ‘फुरु सोउ दा’ म्हणजे ‘पाऊस येणार म्हणे’. हा ‘म्हणे’ हाताशी असताना ‘आय हर्ड दॅट’च्या वाटेला जायचंच कशाला?

मराठी हात वर करते ती केइगोपाशी, म्हणजे जपानीतल्या आदरार्थी भाषेपाशी. बाहेरच्या माणसाचा फोन आला की आपण ‘साहेब बाहेर गेलेत’ असंच म्हणणार. जपानी ऑफिसात अशा वेळी स्वतःच्या साहेबाच्या नावापुढचं ‘सान’ काढून टाकायचं आणि क्रियापदही नम्रतेचं वापरायचं, कारण समोरच्यासाठी साहेब ‘आपल्यातला’ असतो. नियम कळतो, पण जीभ अजून वळत नाही.

कांजी, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी अक्षरांबद्दल, थोडक्यात. रोजच्या वापराच्या अधिकृत यादीत २,१३६ कांजी आहेत. एकेक सुटी पाठ करणं माझ्या मते वेळेचा अपव्यय आहे. जन्म, जगणं, कच्चं असे अर्थ असलेली एकच कांजी घ्या. ती गाकुसेइमध्ये (विद्यार्थी) ‘सेइ’, इश्शोउमध्ये (आयुष्यभर) ‘शोउ’, नामाबीरुमध्ये (ड्राफ्ट बिअर) ‘नामा’ आणि हिरवळीच्या शिबाफुमध्ये चक्क ‘फु’ होते. म्हणून अंकी या उजळणीच्या अ‍ॅपमध्ये आता फक्त शब्द, तेही वाक्यासकट. एन२च्या शब्दघडणीच्या प्रश्नांनाही याचा उपयोग होतो. ‘साइ’ हा उपसर्ग आपल्या ‘पुनर्’सारखा, त्यामुळे ‘साइकाइहात्सु’ म्हणजे पुनर्विकास. आमच्या सोसायटीत दुसरा विषयच नसतो, त्यामुळे हा शब्द एका फटक्यात डोक्यात बसला.

खरी मेहनत कानाची. पुस्तकात ‘कात्ते ओकु’, बोलण्यात ‘कात्तोकु’. ‘ताबेते शिमात्ता’चं ‘ताबेचात्ता’ होतं आणि ‘इकानाकेरेबा नारानाइ’ (जायलाच हवं) एवढी मोठी आगगाडी ‘इकानाक्या’वर थांबते. परीक्षेत ध्वनिफीत एकदाच वाजते. झटपट उत्तराच्या प्रश्नांत तर कागदावर काहीच छापलेलं नसतं. एक वाक्य, त्यावर तीन उत्तरं, की लगेच पुढचा प्रश्न. मागचं उत्तर मनात घोळवत बसलात की पुढचंही गेलंच. यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे शॅडोइंग: बोलणाऱ्याच्या पाठोपाठ, अर्ध्या शब्दाच्या अंतराने, त्याच चालीत बोलत राहायचं. घरच्यांना वेड लागल्यासारखं वाटतं, पण आखूड रूपं स्वतःच्या तोंडून निघायला लागली की कानालाही ओळखू येतात. त्यासाठी जपानच्या एनएचके वाहिनीच्या सोप्या बातम्या घेऊ नका. त्या वाचनाला उत्तम, पण त्यात असं बोलीतलं काही सापडत नाही. दोन माणसांच्या गप्पाच हव्यात.

गुणांचं गणितही बघून ठेवा. एन३ला १८० पैकी ९५ लागतात, एन२ला ९०. म्हणून हुरळून जाऊ नका, कारण शब्द-व्याकरण, वाचन आणि श्रवण या तिन्ही विभागांत प्रत्येकी ६० पैकी किमान १९ हवेतच. एकात १८ आले तरी नापास. शिवाय एन२ला शब्द, व्याकरण आणि वाचन मिळून सलग १०५ मिनिटं असतात आणि ती कशी वाटायची हे आपल्यावर असतं. मी सध्या शब्द-व्याकरण अर्ध्या तासात उरकून उरलेला वेळ उताऱ्यांना द्यायची सवय लावतेय. लांब उताऱ्यात आधी प्रश्न वाचायचा की उतारा, यावर आमच्या अभ्यासगटात अजून दोन तट आहेत. मी प्रश्नवाल्यांच्या बाजूची.