तुम्ही विचारलंत म्हणून: या कामात आनंदी कशी राहते?

प्रश्न नेहमीचाच असतो, विचारणारे तेवढे बदलतात. "मोडकंतोडकं जुनं फर्निचर आणायचं, घासायचं, रंगवायचं, विकायला ठेवायचं. लोक घासाघीस करणार, कधी वस्तू महिनोन् महिने पडून राहणार. तरी तुम्ही एवढ्या आनंदात कशा असता?" विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एखादा मंत्र हवा असतो. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून काहीतरी चांगलं म्हणायचं, असला. तसलं माझ्याकडे काही नाही. कुठलीही वस्तू घेण्याआधी ती उलटी करून बघायची, एवढी एक सवय आहे.

टेबल असेल तर सरळ आडवं पाडते. कपाट असेल तर पाठीमागची फळी बघते, खण ओढून बाहेर काढते. दर्शनी बाजू सगळेच नटवतात, तळाला कोणी हात लावत नाही, त्यामुळे खरी गोष्ट तिथेच कळते. बारीक भोकं दिसली की खाली कागद अंथरायचा आणि ठोकून बघायचं. ताजी, फिकट पूड पडली तर कीड अजून आत आहे असं धरायचं. भोकं जुनी, काळवंडलेली असतील आणि पूड पडत नसेल तर तितकं घाबरायला नको. खणाच्या कोपऱ्यातला डव्हटेल सांधा, म्हणजे दोन फळ्यांचे दात एकमेकांत अडकवून केलेला जोड, बघायचा. हाताने कापलेला असेल तर त्याचे दात थोडे कमीजास्त असतात, मशीनवर कापलेले एकसारखे असतात.

मग स्क्रू. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू बाजारात आला १९३०च्या दशकात. त्यामुळे कोणी छातीठोकपणे "पणजोबांच्याही आधीचं आहे" म्हणालं आणि आत सगळीकडे हाच स्क्रू निघाला, तर मी नुसती मान डोलावते. अर्थात तो नंतरच्या दुरुस्तीतही बसवलेला असू शकतो, म्हणून शेजारी जुन्या स्क्रूचं बुजवलेलं भोक आहे का तेही बघते. गोल टेबल असलं तर हमखास टेप लावते. लाकूड रेषांना आडवं आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे भरीव लाकडाचं जुनं गोल टेबल एका बाजूने किंचित कमी भरतं. त्यावरून मी किंमत ठरवते असं नाही. मला ते मोजायला आवडतं, इतकंच.

आता याचा आनंदाशी काय संबंध? वाईट बातमी पैसे देण्याआधी कळली तर आपण "नको" म्हणून घरी येतो. नंतर कळली तर तीच वस्तू रोज डोळ्यांसमोर उभी राहून टोमणे मारते. माझ्याकडे टोमणे मारणाऱ्या वस्तू कमी आहेत. बाकी स्वभावाचं म्हणाल तर घरच्यांना विचारा, ते हसतील.

दुसरं कारण मला एका बाईंमुळे नीट उमगलं. त्यांनी घरी हौसेने एक जुनं सागवानी ड्रेसिंग टेबल पांढरं रंगवलं होतं. पहिला हात वाळला आणि पिवळट तपकिरी डाग वर आले. त्यांनी दुसरा हात मारला, मग तिसरा. डाग परत हजर. माझ्याकडे आल्या तेव्हा रंग सोडा, स्वतःवरच वैतागल्या होत्या. म्हणाल्या, "माझ्या हातात कलाच नाही." मी जवळून पाहिलं तर रंगाचा हात उत्तम होता. कुठे ओघळ नाही, ब्रशचा केस चिकटलेला नाही. चूक हाताची नव्हतीच. साग, महोगनी, ओक अशा लाकडांत रंगद्रव्यं असतात, आणि पाण्यातला रंग लावला की ती त्याच्याबरोबर वर येतात. वर कितीही थर द्या, ती येतच राहतात. मध्ये लाखेच्या पॉलिशचा एक हात दिला की वाट बंद होते. मग तेच केलं. हलका सँडपेपर फिरवला, लाखेचा हात दिला, वाळू दिला आणि त्यावर त्यांचाच उरलेला पांढरा रंग लावला. डाग आले नाहीत. एक गोष्ट माहीत नव्हती म्हणून ती बाई स्वतःला नालायक ठरवून बसली होती. तेव्हापासून या कामात माझा उत्साह गेला की मी आधी मला काय माहीत नाही ते शोधते. मनाची समजूत नंतर घालते.

माहितीने काम किती हलकं होतं याचं आणखी एक सांगते. जुनं पॉलिश कसलं आहे हे न बघताच लोक खरवडायला घेतात आणि दमतात. आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा टेकवून बघा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. मग बहुतेक वेळा खरवडायची गरजच नसते, कारण नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. स्पिरिटने काही झालं नाही आणि थिनरने विरघळलं तर लॅकर. दोघांनाही दाद दिली नाही तर बहुधा पॉलियुरेथेन, मग घासणं आलंच. सांध्यांचंही तसंच. जुन्या खुर्च्यांत बहुतेक वेळा जनावरांच्या कातडी-हाडांचा सरस असतो. थोडी ऊब आणि ओल मिळाली की सुटतो. खुर्ची करणाऱ्याने पुढच्या दुरुस्तीचा विचार केला होता की त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं, देव जाणे. माझा फायदा होतो. फक्त जुना सरस पूर्ण खरवडल्याशिवाय त्यावर आजचा पांढरा गोंद नीट धरत नाही.

मात्र दोन ठिकाणी उत्साह बाजूला ठेवायचा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तपासल्याशिवाय तो कोरडा घासायचा नाही, आणि घरात लहान मुलं असतील तर मुळीच नाही. तुमचा दृष्टिकोन सकारात्मक आहे की नाही हे शिशाला कळत नाही. दुसरं, जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. फडकी मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

जुनं लाकूड रंगवते म्हणून मला बोलणी खावी लागतात. त्यात थोडं तथ्य आहे. चांगलं लाकूड, मूळ पॉलिश शाबूत, शंभरी गाठलेली वस्तू असेल तर मी तिला पुसून, मेण लावून सोडून देते. पण ठिगळं लावलेलं, तीन प्रकारची लाकडं जोडलेलं, कधीच्या काळी कोणीतरी हिरवा ऑइलपेंट फासलेलं कपाट असेल तर त्याचं पावित्र्य कुठलं जपायचं? त्याला रंग लागला तर ते घरात राहील, नाहीतर जळणात जाईल.

विक्रीचं थोडक्यात सांगते. वस्तूत काय बदललंय ते मी फोटोखालीच लिहिते: उजव्या खणाचा तळ नवा, मागच्या पायाला जोड, आरसा मूळचा नाही. दोष आपणच सांगितले की समोरच्याकडे घासाघीस करायला मुद्दे उरत नाहीत, हा त्यातला स्वार्थ. कामाचे तास मी लिहून ठेवते आणि किंमत त्यावरून काढते, समोरच्याच्या चेहऱ्यावरून नाही. "एवढ्यात नवीन येईल" असं कोणी म्हणालं तर मी म्हणते, "येईल की, घ्या." ते खरंच असतं आणि मला राग येत नाही, कारण त्या माणसाला टेबल हवं असतं आणि मी विकत असते ते वेगळंच काहीतरी.

मन लागत नसेल त्या दिवशी रंगाला हात लावायचा नाही, घाई हमखास दिसते. त्या दिवसांसाठी मी वेताच्या खुर्च्या राखून ठेवते. वेत भिजवून विणायचा, वाळताना तो आपोआप ताठ होतो. त्यातही थोनेट या फर्निचर बनवणाऱ्या कंपनीची, वाफेवर वाकवलेल्या लाकडाची १४ नंबरची खुर्ची हाती आली तर दिवस सार्थकी. १८५९ सालची रचना: लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. उघडली की सगळं समोर, लपवाछपवी नाही.

आणि जे विकलंच जात नाही त्याचं काय? आधी फोटो बदलते, मग किंमत. तरीही नाही गेलं तर ते सुटं करते. खणांचे भिंतीवरचे कप्पे होतात, फळ्या दुसऱ्या कपाटाच्या पाठीला लागतात, मुठी-कड्या-बिजागऱ्या धुऊन डब्यात जातात. सगळ्यात लवकर बिजागऱ्याच खपतात. जुन्या मापाच्या सहज मिळत नाहीत म्हणून लोक शोधत येतात, आणि येताना बरेचदा एखादी मोडकी खुर्चीही घेऊन येतात.