कुलूप तपासायला थांबलो

मंगळवारी लालबागच्या आमच्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या क्लासात एक विद्यार्थी सगळे गेल्यावरही घुटमळत राहिला. चाळिशीचा, शिवडीच्या एका गोदामावर रात्रपाळीचा सिक्युरिटी गार्ड. खिशातून मेमो काढून म्हणाला, "सर, तुम्ही शिकवलंत तसंच लिहिलं होतं."

रात्री 2 च्या राउंडची नोंद : 'आय स्टॉप्ड चेकिंग द लॉक.' त्याला म्हणायचं होतं, कुलूप तपासायला थांबलो. साहेबांनी वाचलं, कुलूप तपासायचं थांबवलं. 24 तासांत खुलासा द्या! साहेब मराठी, गार्ड मराठी, रजिस्टर मात्र इंग्रजीतच हवं.

पण चूक माझीच. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, स्टॉप, यांच्यापुढच्या क्रियापदाला डोळे मिटून आयएनजी : ही यादी मी अकरा वर्षं घोकून घेतोय. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिशला ती चालते. स्टॉपपुढे मात्र दोन्ही रूपं येतात आणि अर्थ पार उलटतो. 'चेकिंग' हे स्टॉपचं कर्म, म्हणजे तेच बंद पडलं. 'टू चेक' हे थांबण्याचं कारण. 'तो बोलायला थांबला' आणि 'तो बोलायचा थांबला' यात आपलं पाच वर्षांचं पोरही गोंधळत नाही. एवढी सोपी जोडी फळ्यावर लिहायचं मला एकदाही सुचलं नाही.

गाइडं तरी काय सांगतात? टू अधिक मूळ क्रियापद म्हणजे इन्फिनिटिव्ह, विषय संपला. मग 'ही मेड मी वेट'मध्ये टू कुठे गेला? आणि कर्मणी करताच, 'आय वॉज मेड टू वेट', तो परत कसा आला? 'लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू'मधला टू तर इन्फिनिटिव्हचा नाहीच, साधं शब्दयोगी अव्यय. पोरं तिथे हमखास 'टू मीट' लिहितात. मी लाल पेनाने खोडतो, कारण सांगत नाही.

खुलासा आम्ही दोघांनी मिळून लिहिला. मी सुचवलं, 'आय रिमेंबर्ड टू चेक' लिही, म्हणजे आठवणीने तपासलं, जबाबदार वाटशील. 'आय रिमेंबर चेकिंग' म्हणजे नुसतं तपासल्याचं आठवतंय.

त्याने दोन्ही वाक्यं पुटपुटून पाहिली. "दुसरंच लिहितो, सर. आठवणीने म्हटलं तर एरवी विसरतो, असं वाटेल त्यांना."

आणि ड्यूटीची वेळ झाली म्हणून डबा उचलून निघाला.