दीड मिनिटात भिरभिरं थांबलं

"अहो डॉक्टर, गोळी एकदाही चुकवली नाही, तरी हिची तंद्री वाढलीच," कळव्याहून आलेली आई सांगत होती. मुलगी आठ वर्षांची, सहा आठवडे कार्बामाझेपिन हे फिटचं औषध चालू. नौपाड्यातल्या आमच्या ईईजीच्या (मेंदूतल्या विजेच्या आलेखाच्या) खोलीत इलेक्ट्रोड लावायलाच तासभर गेला. डोक्याला तेल चोपडलेलं, इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) पाच किलोओहमच्या खाली येईना. (चिठ्ठीवर 'तेल लावू नये' छापलेलं असतं. वाचतो कोण!)

मग हातात कागदी भिरभिरं दिलं. तीन मिनिटं जोरजोरात फुंकायचं. श्वास वाढून रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरला की ॲब्सेन्सच्या, म्हणजे काही सेकंद भान हरपणाऱ्या, फिट बाहेर येतात. दीड मिनिटात भिरभिरं थांबलं, पापण्या फडफडल्या. स्क्रीनवर दोन्ही बाजूंना एकाच क्षणी सेकंदाला तीन स्पाइक-वेव्ह, म्हणजे एक टोकदार लाट आणि मागोमाग एक संथ लाट. "आंबा," मी कानाशी म्हणालो. अकरा सेकंदांनी ती पुन्हा फुंकायला लागली.

"मी कुठला शब्द सांगितला गं?"

"कधी?"

शिकाऊ डॉक्टरने विचारलं, "सर, फिट म्हणजे ब्रेक कमी पडतोय. गाबा वाढवणारं व्हिगाबॅट्रिन जोडू या?"

इथेच फसगत होते. गाबा हे पेशींना दाबणारं रसायन, मेंदूचा ब्रेक. पण ॲब्सेन्समध्ये ब्रेक हाच तालाचा भाग असतो. थॅलॅमस या मेंदूच्या मध्यातल्या केंद्राभोवतीच्या रेटिक्युलर पेशी गाबा सोडतात, आतल्या पेशींचा व्होल्टेज खाली जातो. त्या पेशींची टी-प्रकारची कॅल्शियमची दारं एरवी अडकलेली असतात. व्होल्टेज पुरेसा वेळ खाली राहिला तरच ती मोकळी होतात. दाब सुटला, की बेचकीचं रबर सुटावं तशी पेशी उसळते, कॉर्टेक्सला (मेंदूच्या बाहेरच्या थराला) आणि रेटिक्युलर पेशींनाही पेटवते, आणि पुन्हा गाबा. गाबाचे ग्राहक दोन प्रकारचे: गाबा-एचा दाब लवकर ओसरतो, गाबा-बीचा काहीशे मिलिसेकंद रेंगाळतो, म्हणून ताल सेकंदाला तीनवर येतो. 1993 मध्ये फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याच्या थॅलॅमसच्या कापांत गाबा-ए अडवल्यावर झोपेतल्या स्पिंडल नावाच्या लहरींचा ताल असाच तीनच्या आसपास उतरला होता. गाबा-बीही अडवल्यावर थांबला.

म्हणून गाबा वाढवणाऱ्या व्हिगाबॅट्रिन, टियागाबिनने हा आजार चिघळतो. कार्बामाझेपिननेही. मग गाबाचाच परिणाम वाढवणारं क्लोनाझेपाम कसं चालतं? रेटिक्युलर पेशी एकमेकींनाही दाबतात आणि ते मुख्यतः तिथला ब्रेक वाढवतं. गाबा किती, यापेक्षा कुठे, हे बघायचं.

कार्बामाझेपिन बंद करायचं ठरवून इथोसक्सिमाइड लिहिलं. ते टी-दारांवरच काम करतं. अंग आखडून झटके देणारी मोठी फिट मात्र ते रोखत नाही, त्यामुळे तशी कधी आली होती का, हे आईला दोनदा विचारलं. नव्हती. औषध जेवणानंतर द्यायला सांगितलं, नाहीतर पोटात दुखतं. आणि पुढच्या ईईजीला तेल नको, हे मोठ्या अक्षरात लिहून दिलं.